मानपानाचे वाद: बालाघाट आणि मराठी मुलखातील शिष्टाचार

रोजच्या शिष्टाचारावरून होणारी भांडणे बाहेरच्याला क्षुल्लक वाटतात. नमस्कार आधी कोणी करायचा, वयाने मोठ्या माणसाला कसे बोलावायचे, पंगतीत पहिले पान कोणाचे, आहेर कमी आला की जास्त, चपला उंबऱ्याबाहेर काढल्या की आत नेल्या, एवढ्यावरून सोयरिकी मोडतात, भावकीत अबोला पडतो आणि प्रकरण कधी पंचांपर्यंत, कधी सरकारपर्यंत जाते. मराठी घरांत या साऱ्याला मानपान म्हणतात. हे वाद मुख्यतः सहा बाबतींत उद्भवतात: अभिवादन, संबोधन, पाया पडणे, खाणेपिणे, निमंत्रण व आहेर, आणि सार्वजनिक जागेतले वागणे. एकाच गावात मान मोजण्याची दोन मापे चालू असली की ते जास्त पेटतात, कारण दोन्ही बाजू आपापल्या मापाने बरोबर असतात.

बालाघाटची परिस्थिती

अशी दोन-तीन मापे शेजारी शेजारी नांदताना पाहायची असतील, तर मध्य प्रदेशाच्या दक्षिण टोकाचा बालाघाट जिल्हा त्याचे उत्तम उदाहरण आहे. १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून इंग्रजांनी तो तयार केला. पुढे तो मध्य प्रांतात नागपूरच्या बरोबरीने राहिला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मात्र मध्य प्रदेशात राहिला. दक्षिणेला बाघ नदी ओलांडली की गोंदिया जिल्हा लागतो आणि पूर्वेला छत्तीसगड. वाराशिवनी, कटंगी, लांजी, किरणापूर या भागांत पोवार, कुणबी, मरार, कलार, लोधी आणि बौद्ध समाजाची वस्ती आहे, तर बैहरच्या डोंगराळ भागात गोंड आणि बैगा राहतात. घरात पोवारी किंवा मराठी, शाळेत व कचेरीत हिंदी, बाजारात दोन्हींची मिसळ आणि डोंगराकडे गोंडी, असा इथला भाषाव्यवहार आहे. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात मराठीचा खंड १९०५ मध्ये निघाला, पण पोवारी आणि मरारी या इथल्या बोलींची नोंद पूर्व हिंदीच्या खंडात, बघेलीच्या मिश्र रूपांमध्ये झाली आहे.

नात्यागोत्याच्या बाबतीतही हा सीमाप्रदेश आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्यामधल्या पट्ट्यात धरले. उत्तरेत मामाच्या मुलीशी लग्न निषिद्ध मानतात, दक्षिणेत ते पसंतीचे असते, आणि मराठी मुलखातील अनेक जातींत ते चालते. ज्या मुलीला एका पद्धतीत बहीण मानायचे, तिचीच दुसऱ्या पद्धतीत थट्टा करता येते. मग कोणाशी मोकळे बोलावे, कोणासमोर पदर घ्यावा, कोणाच्या पाया पडावे, याचे नियमही वेगळे होतात. दोन्हीकडच्या घरांत सोयरीक झाली की हे नियम एकाच मांडवात समोरासमोर येतात.

अभिवादन

मराठी मुलखात अभिवादनावरून झालेल्या वादांपैकी सर्वांत गाजलेला अठराव्या शतकातला आहे. मुंबईतील दैवज्ञ सोनार एकमेकांना 'नमस्कार' म्हणू लागले. ब्राह्मणांनी हा आपला अधिकार असल्याचे सांगून हरकत घेतली आणि पुणे दरबाराकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे तक्रार गेली. १७७९ मध्ये कंपनीच्या मुंबईतील कौन्सिलाने सोनारांना हे अभिवादन वापरण्यास मनाई करणारा हुकूम काढला. दोन सत्तांनी एका शब्दावरून पत्रव्यवहार करावा, इतके त्या शब्दाला वजन होते, कारण अभिवादनावरून माणसाची पायरी ठरत होती. वरच्याने कोणता शब्द घ्यायचा आणि खालच्याने कोणता, हे ठरलेले होते. महारांनी 'जोहार' म्हणायचे, कुणब्याने 'राम राम' आणि ब्राह्मणांनी आपसांत 'नमस्कार', अशी ती वाटणी होती.

ही वाटणी मोडण्यासाठी विसाव्या शतकात केवळ मागणी झाली नाही, नवे अभिवादनच घडवले गेले. नागपूरजवळच्या कामठीचे कामगार नेते आणि १९३७ साली मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून आलेले बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे (१९०४–१९३९) यांना 'जय भीम' रूढ करण्याचे श्रेय दिले जाते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर हे अभिवादन वैनगंगेच्या खोऱ्यातही घराघरांत पोहोचले. यातून नवा प्रश्न उभा राहिला. कोणी 'जय भीम' म्हटले तर दुसऱ्याने 'जय भीम' म्हणून उत्तर द्यावे की 'नमस्कार' म्हणावे? 'नमस्कार' हे उत्तर अनेकांना सभ्य वाटते. ज्याने अभिवादन केले त्याला ते टाळाटाळीचे वाटू शकते. आपल्या अभिवादनाचा स्वीकार झाला की नाही, हे तो त्या उत्तरावरून जोखतो.

'जोहार'चा प्रवास याच्या उलटा झाला. दलित चळवळीने तो लाचारीची खूण म्हणून टाकून दिला. झारखंड-छत्तीसगडकडच्या आदिवासींमध्ये मात्र तोच स्वाभिमानाचा शब्द आहे. बालाघाट-गोंदियाच्या गोंडांमध्ये त्याच्या जोडीला 'जय सेवा' चालते, आणि गोंदिया जिल्ह्यात माघ पौर्णिमेला कचारगडची यात्रा भरते तेव्हा तो घोष सगळीकडे ऐकू येतो. याशिवाय महानुभावांचे 'दंडवत प्रणाम', तुकडोजी महाराजांच्या अनुयायांचे 'जय गुरुदेव' आणि वारकऱ्यांचे 'माउली' आहेच. अनोळखी माणसाचे पहिले अभिवादन ऐकले की त्याचा पंथ, समाज किंवा विचार यांचा अंदाज येतो. म्हणून काहीजण मुद्दाम 'नमस्कार' किंवा 'राम राम' यांचा आडोसा घेतात, तर काहीजण आपली ओळख ठामपणे सांगण्यासाठी आपलेच अभिवादन वापरतात.

सरकारांनीही यात हात घातला आहे. मध्य प्रदेशात २०१७ साली तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री विजय शाह यांनी सतना जिल्ह्यातील शाळांत हजेरीच्या वेळी मुलांनी 'येस सर'ऐवजी 'जय हिंद' म्हणावे असे जाहीर केले आणि २०१८ मध्ये ते सर्व सरकारी शाळांना लागू केले. महाराष्ट्रात २ ऑक्टोबर २०२२ पासून सरकारी कार्यालयांत दूरध्वनीवर 'हॅलो'ऐवजी 'वंदे मातरम्' म्हणावे, असा आग्रह तत्कालीन सांस्कृतिक कार्यमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी धरला. काही मुस्लिम संघटनांनी त्याला विरोध केला, तर साकोलीचे आमदार आणि काँग्रेसचे तत्कालीन प्रदेशाध्यक्ष नाना पटोले यांनी 'जय बळीराजा'चा पर्याय पुढे केला. पक्ष कोणताही असो, अभिवादन कोरे नसते हे सर्वांनीच गृहीत धरले होते.

संबोधन

मराठीत 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' अशा पायऱ्या आहेत, हिंदीत 'तू', 'तुम' आणि 'आप'. अडचण मधल्या पायरीवर येते. मराठी 'तुम्ही' पूर्ण आदराचे आहे, हिंदी 'तुम' बरोबरीच्याला किंवा लहानाला शोभते. मराठी घरातला मुलगा हिंदी बोलताना वडीलधाऱ्याला सहज 'तुम कब आए' म्हणतो, आणि त्याच्या मनात आदर असतानाही समोरच्याला उद्धटपणा दिसतो. उलट बाजूने, हिंदी घरात आईलाही 'आप' म्हणणारी मुलगी मराठी सासरी आली की नवरा आईला 'आई, तू जेवलीस का' असे विचारताना ऐकून चकित होते. मराठी घरात आई आणि आजी 'तू' असतात, वडील बहुधा 'तुम्ही'. ते 'तू' जवळिकीचे असते, पण ज्याच्या भाषेत जवळिकीलाही 'आप' लागते त्याला ते समजावून सांगावे लागते.

रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन या अमेरिकी अभ्यासकांनी १९६० मध्ये युरोपीय भाषांतील सर्वनामांचा अभ्यास करून दाखवले की अशा सर्वनामांत दोन तत्त्वे काम करतात: एक वर-खाली ठरवणारे आणि दुसरे आपला-परका ठरवणारे. मराठी संसारात ही दोन तत्त्वे नवरा-बायकोच्या बोलण्यात आमनेसामने येतात. नवऱ्याने 'अगं' आणि बायकोने 'अहो' ही जुनी रीत. आता शहरांत दोघेही एकमेकांना नावाने हाक मारतात आणि 'अरे-तुरे' करतात. सासूसमोर मात्र त्याच सुनेने 'अहो'वर यावे अशी अपेक्षा राहते. तिच्या दृष्टीने तो दुटप्पीपणा असतो, सासूच्या दृष्टीने चारचौघांतला मान.

नवऱ्याचे नाव न घेण्याच्या रीतीतून उखाणा जन्मला. एरवी न घ्यायचे नाव काव्यात गुंफून चारचौघांत एकदा घेण्याची ती परवानगी आहे. याच संकोचाची दुसरी बाजू पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतदारयाद्या करताना दिसली. उत्तर आणि मध्य भारतातील लाखो स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले. निवडणूक आयोगाने अशा नोंदी स्वीकारल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीबाहेर राहिली. पुढे आजच्या मध्य प्रदेशात सामील झालेले मध्य भारत आणि विंध्य प्रदेश हे भागही त्यात होते. घरातल्या शिष्टाचाराची किंमत मताच्या हक्काने मोजावी लागली.

पूर्व विदर्भातील झाडीपट्टीच्या बोलीत बरोबरीच्या पुरुषाला 'गा' आणि आदराने 'जी' लावून बोलतात. 'काय गा' हे मैत्रीचे आणि 'हो जी' हे नम्रतेचे. नागपूरकडचा 'बे' मित्रांमध्ये लाडाचा आहे, अनोळख्याला तो शिवीसारखा लागतो. पुण्या-मुंबईकडच्या कानाला 'गा' आणि 'बे' दोन्ही खडबडीत वाटतात, तर वैदर्भीय माणसाला पुणेरी 'आपण'मध्ये अंतर ठेवल्याचा वास येतो. 'बाई' हे संबोधन एकेकाळी शिक्षिकेला आणि घरातील वडील स्त्रीला मानाने लावत. आता ते धुणेभांडी करणाऱ्या बाईपुरते उरले आहे असे मानून शिक्षिका 'मॅडम'चा आग्रह धरतात. भाजीवाल्याने 'काकू' म्हटल्यावर तिशीतल्या बाईचा चेहरा का पडतो, हेही त्यातच आले: नात्याचे संबोधन मान देते, पण वयही चिकटवते.

लेखी संबोधनाचे नियम तर याहून काटेकोर होते. पेशवाईच्या पत्रांत 'राजमान्य राजश्री' सारखे मायने माणसाच्या पदाप्रमाणे बदलत, आणि चुकीचा मायना हा अपमान समजला जाई. त्याचेच अवशेष 'रा. रा.', 'ती.', 'चि.', 'सौ.', 'श्रीमती' या रूपांत लग्नपत्रिकांवर टिकून आहेत. एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन महिला व बालविकास मंत्री मंगल प्रभात लोढा यांनी विधवा स्त्रियांच्या नावामागे 'गं. भा.' (गंगा भागीरथी) लावण्याचा विचार पुढे आणला. त्यांच्या मते तो सन्मान होता. स्त्री संघटनांनी आणि विरोधी पक्षांनी आक्षेप घेतला की पुरुषाच्या नावावरून तो विधुर आहे हे कळत नाही, मग स्त्रीच्याच नावाला तिचे वैधव्य का चिकटवायचे? टीका वाढल्यावर ही केवळ चर्चा होती, निर्णय नव्हे, असा खुलासा करावा लागला.

पाया पडणे

मराठी घरात लहानाने मोठ्याच्या पाया पडायचे, एवढा सोपा नियम आहे. भाचा मामाच्या पाया पडतो, मुलगी वडिलांच्या, सून सासऱ्यांच्या. छत्तीसगडात आणि मध्य प्रदेशाच्या बऱ्याच भागांत हाच नियम दोन ठिकाणी उलटतो. तिथे मामा भाच्याच्या पाया पडतो. कौसल्येचे माहेर छत्तीसगडात मानतात, रायपूरजवळ चंदखुरीला तिचे मंदिर आहे, म्हणून राम हा त्या भूमीचा भाचा आणि प्रत्येक भाचा रामाच्या जागी, अशी त्यामागची श्रद्धा. तसेच मुलीला देवीरूप मानून तिला आईवडिलांच्या पाया पडू देत नाहीत, उलट तिच्याच पाया पडतात.

बालाघाटातल्या एका घरात मराठी वळण आणि दुसऱ्यात हिंदी वळण असले की लग्नात नेमकी ही गाठ पडते. मराठी घरचा भाचा वाकायला पुढे येतो आणि हिंदी घरचा मामा घाबरून मागे सरतो, कारण भाच्याने पाया पडणे त्याला पाप वाटते. मराठी घराला मामाने आशीर्वाद नाकारल्यासारखे वाटते. यात अनादर कोणीच केलेला नसतो. दोन्ही पद्धतींत नात्यातल्या एका माणसाला उंच जागा दिलेली आहे. मतभेद आहे तो उंच जागा कोणाची, याबद्दल.

पाया पडण्याला तत्त्वतः विरोध करणाऱ्यांचीही परंपरा आहे. गाडगे महाराज कोणाला आपल्या पाया पडू देत नसत. सत्यशोधक आणि आंबेडकरी चळवळींनी माणसाने माणसापुढे वाकण्यावर प्रश्न उभे केले. वारकऱ्यांनी वेगळीच वाट काढली: दोघे भेटले की दोघेही एकमेकांच्या पाया पडतात, वय, जात, धन काहीही असो. वाकणे तसेच राहिले आणि त्यातली उतरंड तेवढी गेली. या विषयातल्या सर्व तोडग्यांत हा सर्वांत टिकाऊ ठरला आहे.

पाणी, चहा, पंगत

वैनगंगेच्या खोऱ्यात पाहुणा आला की आधी पाय धुवायला पाणी आणि मग प्यायला पाणी, ही रीत. पण ज्या पाण्याने स्वागत होते त्याच पाण्याने माणसाला दूरही ठेवले जात असे. आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ मध्ये चार खंडांत निघालेल्या मध्य प्रांतांच्या जाती-जमातींवरील ग्रंथात जवळजवळ प्रत्येक जातीच्या नोंदीत ती कोणाच्या हातचे पाणी घेते आणि कोणाचे नाही, कच्चे अन्न कोणाकडचे चालते आणि पक्के कोणाकडचे, हे टिपलेले आहे. पाण्यात शिजवलेले ते कच्चे, तुपातले ते पक्के. पुरीला चालणारा पाहुणा भाताला चालत नसे. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने हॉटेल, पाणवठा आणि सार्वजनिक भांडी यांच्या बाबतीत असा भेद दंडनीय ठरवला. १९७६ मध्ये त्याच कायद्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले. वेगळा कप, वरून ओतलेले पाणी, ओसरीवरच बसवणे यांना कालपर्यंत रीत म्हणत होते. १९५५ च्या कायद्यापासून त्यांतले काही गुन्हे झाले.

यजमानाचा शिष्टाचार आणि जातीचा शिष्टाचार यांची टक्कर पुण्यातील ख्रिस्ती पंचहौद मिशनच्या चहाने अजरामर केली. ऑक्टोबर १८९० मध्ये मिशनमधील व्याख्यानानंतर पाहुण्यांसमोर चहा-बिस्किटे आली. न घेणे हा यजमानाचा अपमान, घेणे हा धर्मबाह्य आचार. काहींनी चहा घेतला, काहींनी कप केवळ हातात धरला. उपस्थितांत टिळक आणि न्यायमूर्ती रानडे होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, त्यांनी चौकशीसाठी माणसे नेमली. १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले तेव्हा सुधारकांनीच त्यांच्यावर झोड उठवली. कप हातात धरून न पिणाऱ्यांनी दोन्ही शिष्टाचार सांभाळू पाहिले, आणि नावे छापून आल्यावर त्यांचाही बचाव झाला नाही.

पंगतीचे आजचे वाद इतके गंभीर नसतात, पण संख्येने जास्त असतात. वऱ्हाडी आधी की गावकरी, पुरुषांची पंगत उठल्यावरच बायकांची का, सर्वांना वाढून होईपर्यंत हात थांबवायचा की नाही, आणि मुख्य म्हणजे आग्रह किती करायचा. बालाघाट हा धानाचा मुलूख आहे. इथल्या सुवासिक चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. घरच्या तांदळाचा भात पाहुण्याच्या पानात पुन्हा पुन्हा पडणे हा यजमानाचा अभिमान, आणि त्याच मुलखात पानात भात टाकणे हा अन्नाचा अपमान. आग्रहाने वाढलेला भात टाकावा तर दोष, नाकारावा तर दोष. ही कोंडी बुफेने एका परीने सोडवली: वाढणाराच नाही, तर आग्रह कोण करणार? वडीलधाऱ्यांना मात्र ताट हातात घेऊन रांगेत उभे राहणे म्हणजे आपल्या दारी आलेल्या माणसाला मागायला लावणे वाटते. म्हणून अनेक मांडवांत आता तोड निघाली आहे की सर्वांना बुफे आणि सोयऱ्यांना पंगत. त्यातून सोयरे कोण हा नवा वाद निघतो.

निमंत्रण आणि आहेर

निमंत्रण स्वतः घरी जाऊन, अक्षता देऊन करावे, हा जुना नियम. पत्रिका हाती न देता दुसऱ्याबरोबर पाठवली तरी पूर्वी रुसवा होई. आता ती मोबाइलवर येते आणि तिच्यावर 'हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे' असे छापलेले असते. लग्नाला न येण्यासाठी एवढे कारण काहीजणांना पुरते. निमंत्रण देणाऱ्याचा हिशोब वेळेचा असतो, घेणाऱ्याचा पावलांचा: माझ्यासाठी तो किती चालून आला.

आहेराचा वाद त्याहून जुना. विदर्भाच्या खेड्यांत आहेर चारचौघांत होतो, कधी नाव पुकारून, आणि कोणी किती दिले याची वही घरात जपून ठेवतात. पुढच्या लग्नात तेवढेच परत करायचे असते. 'कृपया आहेर आणू नये' ही ओळ आली तेव्हा तिने देणाऱ्याचे ओझे कमी केले, पण ज्यांनी आधी दिले होते त्यांना आपले देणे बुडाल्यासारखे वाटले. काहींना तर यात श्रीमंतीचा तोरा दिसतो. गरीब घराला आहेर लागतोच, तो नको म्हणण्याची चैन ज्याला परवडते तोच तसे छापतो. परतफेडीवर चालणारी व्यवस्था एका घराने मध्येच सोडली की राहिलेल्यांचा हिशोब चुकतो, म्हणून हा वाद घराघरात न मिटता समाजाच्या बैठकीत येतो. जातसंस्थांच्या वार्षिक मेळाव्यांत सामूहिक विवाह, आहेरबंदी, साखरपुड्यातील खर्चाला मर्यादा असे ठराव म्हणूनच होत आले आहेत.

लग्नातल्या तक्रारीला मराठी रीतीने एक जागाही ठरवून दिली आहे. विहिणीचा मान, जावयाचा रुसवा आणि तो काढण्यासाठी दिलेली वस्तू, हे सगळे विधीचा भाग आहे. अपमान झालाच असे मानून त्याची भरपाई आधीच राखून ठेवण्याची ही युक्ती आहे. ज्या घरांनी रुसव्याचा विधी जुनाट म्हणून टाकला, त्यांना कधी कधी खऱ्या रुसव्याला तोंड द्यावे लागते.

कोणाला बोलवायचे नाही

काही शिष्टाचारांत वगळणे हाच नियम असतो. हळदीकुंकवाला विधवेला बोलवायचे नाही, मंगलकार्यात तिने पुढे यायचे नाही, ही रीत तिचा स्पष्ट अपमान असूनही दीर्घकाळ सभ्यतेच्या नावाखाली चालली. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड ग्रामपंचायतीने पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. १७ मे रोजी राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनी त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. अनेक गावांत ठराव झाले, पण हळदीकुंकवाचे आमंत्रण घरातली बाई देते, ग्रामपंचायत नव्हे. ठरावाने विरोध करणाऱ्याचे तोंड बंद होते, बोलावणे मात्र कोणीतरी स्वतः जाऊन करावे लागते.

जोडे, जागा, आवाज

इंग्रजी राजवटीत दरबारात, कचेरीत आणि कोर्टात भारतीय माणसाने जोडे काढून यावे अशी अपेक्षा असे, कारण स्वतःच्या घरात तो तसे करतो. साहेब मात्र बूट घालूनच बसे. १८५४ मध्ये गव्हर्नर-जनरलच्या कौन्सिलाने युरोपीय बूट घालणाऱ्या भारतीय गृहस्थांना तशी मुभा दिली. म्हणजे कातड्याच्या देशी जोड्याने अपमान होत होता आणि विलायती बुटाने होत नव्हता. १८६२ मध्ये सुरतेत मानकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थांनी कोर्टात जोडे काढण्यास नकार दिला आणि हा प्रश्न पुढे बराच काळ गाजवला. आज तोच प्रश्न उलट्या अंगाने घरात येतो. फरशी पुसलेल्या घरात पाहुण्याने बूट काढावेत असे यजमानाला वाटते, आणि मोजे फाटलेल्या पाहुण्याला तो प्रसंग नको असतो.

रेल्वेच्या डब्यात परक्यांना काही तासांसाठी एक घर वाटून घ्यावे लागते. मधला बर्थ केव्हा उघडायचा, खालच्याने केव्हा उठून बसायचे, खिडकी कोणाची, डब्यातले जेवण समोरच्याला विचारायचे की नाही, यावर रोज कुरबूर होते. ३१ ऑगस्ट २०१७ च्या परिपत्रकाने रेल्वेने झोपण्याची वेळ रात्री १० ते सकाळी ६ अशी ठरवली. त्याआधी ती ९ पासून होती. आजारी, गरोदर आणि वृद्ध प्रवाशांशी सहकार्य करावे, असेही त्यात आहे. एक तास कमी करण्यासाठी परिपत्रक लागले, कारण बर्थवर बसणारा आणि झोपणारा दोघेही नियमाचाच आधार घेत होते.

आवाजाचेही असेच. वरातीतला डीजे यजमानाचा आनंद आणि परीक्षेला बसलेल्या शेजाऱ्याचा छळ. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी घातली. मध्य प्रदेशात डिसेंबर २०२३ मध्ये मुख्यमंत्री मोहन यादव यांच्या सरकारने सुरुवातीच्याच आदेशांत धार्मिक व सार्वजनिक स्थळांवरील मर्यादेपलीकडच्या ध्वनिक्षेपकांवर कारवाईची सूचना केली. शेजाऱ्याने सांगितले असते तर आवाज कमी झाला असता, असे दोन्ही पक्ष म्हणतात. शेजाऱ्याला सांगण्याचा संकोच, आणि सांगितल्यावर येणारा राग, यांमुळेच काम पोलिसाकडे जाते.

वाद कसे मिटतात

या सगळ्या प्रकरणांत तोडग्याचे तीन मार्ग दिसतात. पहिला हुकमाचा. तो अन्याय रोखायला उपयोगी पडतो, जसा १९५५ चा कायदा पडला, पण मान उत्पन्न करू शकत नाही. १७७९ च्या हुकमाने सोनारांना अडवले, आणि तरी 'नमस्कार' आज सगळ्यांचा झाला आहे. अभिवादनाचे अलीकडचे सरकारी आदेश हजेरीपटात आणि फोनवर चालतात, ओसरीवर चालत नाहीत.

दुसरा मार्ग समाजाच्या ठरावाचा. आहेर, सामूहिक विवाह, विधवाप्रथा यांत तोच चालला, कारण या रीती एका घराला एकट्याने सोडता येत नाहीत. सगळ्यांनी एकदम सोडल्या तरच कोणाचा हिशोब चुकत नाही. मात्र ठराव पाळला जातो की नाही हे शेवटी पहिल्या दोन-चार घरांच्या धैर्यावर ठरते, आणि जातसंस्थेचा ठराव जातीबाहेरच्या माणसाला बांधत नाही.

तिसरा मार्ग रीत दुतर्फा करण्याचा. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, आपसांत 'जय भीम'ला 'जय भीम' असेच उत्तर येते, शहरी जोडपी एकमेकांना नावानेच हाक मारतात. यात मान कमी करायला लागत नाही, तो दोन्ही बाजूंना सारखा मिळतो, म्हणून अशा रीतींना ना पोलीस लागतो ना पंच. सर्वच बाबतींत हे शक्य नाही. आजीला नातवाने आणि नातवाला आजीने सारखेच संबोधावे अशी कोणाची अपेक्षा नसते, आणि मामा-भाच्याच्या गुंत्यात तर दोन श्रद्धा आमनेसामने असतात. अशा ठिकाणी निदान एवढे कळावे लागते की समोरच्याने नियम मोडलेला नाही, त्याने आपला नियम पाळला आहे. बालाघाटासारख्या मुलखात, जिथे एका वऱ्हाडात तीन बोली आणि चार अभिवादने येतात, लग्न ठरवणारे मध्यस्थ हे काम जुन्या काळापासून करत आले आहेत. बैठकीच्या आधीच ते दोन्हीकडे सांगून ठेवतात की त्यांच्यात असे चालते, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.